चारशे बैलांची वैरण

समजा, तुम्हाला एक तोफ न्यायची आहे. वजन दीड हजार मण. परांड्याच्या किल्ल्यातून ती हलवायची आणि पन्नास कोसांवर विजापुरात नेऊन पोचवायची. वाटेत सीना आहे, भीमा आहे, पाय गिळणारं काळं रान आहे. तुमच्याकडे वाफेचं इंजिन नाही, पक्की सडक नाही. बैल आहेत आणि थोडे हत्ती. कागद घ्या आणि सांगा, बैल किती लागतील? दिवस किती लागतील?

मीही हा हिशेब केला होता. जुन्या ग्रंथांत आकडा तयारच होता. चारशे बैल आणि दहा हत्ती. हत्ती हिशेबातून सोडून दिले, तरी दोनशे जोड्या होतात. दीड हजार मणाला दोनशेने भागलं की एका जोडीच्या वाट्याला साडेसात मण येतात. गाडीला जुंपलेली चांगली जोडी वीस मण घेऊन बाजाराला जाते. म्हणजे काम हलकंच म्हणायचं. रोज दोन कोस धरले, पंचवीस दिवस आले. सगळं एका पानात बसलं. मी खाली रेघ ओढली आणि पान ज्यांच्या हाताखाली होतो त्या साहेबांपुढे ठेवलं.

ते पान ज्या बाईनं फोल ठरवलं, तिचं नाव शिवगंगा. सोनारीच्या वाटेवर बारा-पंधरा घरांची वस्ती आहे, तिथं ती राहते. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी हैदराबादेत तीन वर्षं ओव्हरसियरीचं शिक्षण घेतलं आहे, आणि तरीही हे लिहितो आहे.

फसली १३५३, म्हणजे इंग्रजी चव्वेचाळीस साल. मी तामीरातमध्ये, म्हणजे बांधकाम खात्यात, नुकताच लागलो होतो. हैदराबादेहून माथुर साहेब नावाचे एक संशोधक परांड्याला आले. दख्खनच्या जुन्या फौजा कशा चालत, त्यांची रसद कुठून येई, तोफा कशा हलत, यावर ते मोठा प्रबंध लिहीत होते. बाहेर महायुद्ध चालू होतं, त्यामुळे असल्या विषयाला सरकारात मान होता. साखळी आणि फीत घेऊन मला त्यांच्या दिमतीला दिलं. माणूस सज्जन होता. उर्दूत लिहायचे, उर्दूतच बोलायचे, पण मराठी समजायची. त्यांचं बोलणं मी इथं मराठीतच देतो.

माझं पान पाहून ते खूश झाले. म्हणाले, "आता हे करून पाहू."

ठरलं असं. बारा जोड्या घ्यायच्या. साडेसात मणाच्या हिशेबानं नव्वद मणाची एक शिळा ओंडक्यांच्या सांगाड्यावर बांधायची आणि सोनारीच्या वाटेनं दिवसभर ओढायची. दोन कोस जाते का ते मोजायचं. जोड्या आणायचं काम गिरदावराकडे गेलं. गिरदावर म्हणजे महसुलाचा अंमलदार, आणि त्याची जोड्या आणायची रीत एकच होती. वेठ. शिपाई पाठवायचा, बैल सोडून आणायचे, संध्याकाळी जमलं तर परत द्यायचे. वैरण ज्याची त्यानं बघावी.

त्यानं दिवस धरला सोमवार.

इथं चूक झाली, आणि ती आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आली नाही. परांड्याच्या बाजूला लिंगायतांच्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो बसवण्णाचा वार. पेरणी तोंडावर आली असली तरी त्या दिवशी बैल दावणीलाच असतो. त्याला धुतात, कपाळाला भस्म लावतात. मी त्याच जिल्ह्यात जन्मलो, तरी मला ते आठवलं नाही. माझ्या पानावर वारांना जागाच नव्हती.

सकाळी गिरदावर, दोन शिपाई आणि मी वस्तीवर पोचलो. पहिलं घर शिवगंगाक्काचं. वय चाळिशीच्या आसपास, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, पदर कमरेला खोचलेला. नवरा कल्याणप्पा जाऊन चार वर्षं झाली होती. दोन एकर रान आणि खिलारांची एक जोडी, एवढंच तिचं होतं. बैलांची नावं बसव्या आणि मल्ल्या. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, म्हणून बैलांशी ती कानडीत बोलायची. माणसांशी मराठीत.

"बैल सोड," गिरदावर म्हणाला. "सरकारी काम आहे."

"आज सोमवार हाय, साहेब."

"सोमवार तुझ्या घरी. सरकारात सुट्टी शुक्रवारी."

"मग बैल बी माझ्याच घरी हायत."

शेजारच्या गव्हाणीवर दगडोबा बसला होता. वस्तीतला मराठा शेतकरी, तोंडानं फटकळ. तो खुदकन हसला. गिरदावरानं त्याच्याकडे पाहिलं तसा तो तंबाखू मळायला लागला.

"ए बाई, सरळ सांगतोय. संध्याकाळी परत मिळतील."

"असंच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "लढाईच्या पहिल्या साली. कुण्या साहेबाचे तंबू न्यायचे व्हते. दोन दिसांचं काम म्हणून माझ्या मालकाला नि जोडीला नेलं. अठरा दिसांनी मालक आले, बरोबर एक बैल. दुसरा नळदुर्गाकडं वाटंत पडला. आलेला बैल जोडीदाराबिगर तोंडात काडी घेईना. म्हैनाभरात त्योबी गेला. मालकांनी अंथरूण धरलं ते सुटलं न्हाय. ही जोडी म्या वासरापास्नं वाढवलीय. ही न्हाय जायाची."

"बाई, मी विचारायला आलो नाही."

शिवगंगाक्का घरात गेली. आम्हाला वाटलं, कासरा आणायला गेली. ती विळा घेऊन बाहेर आली. शिपाई दोन पावलं मागं सरला. ती सरळ बसव्यापाशी गेली, कानडीत त्याला काहीतरी म्हणाली, आणि त्याच्या नाकातली वेसण विळ्यानं कापून टाकली. मग मल्ल्याची. दोन्ही दोर गिरदावराच्या पायाशी टाकले.

"घ्या. आता न्या."

ज्यानं खिलार पाळलंय त्याला याचा अर्थ सांगायला नको. वेसणीशिवाय खिलार परक्याला जुमानत नाही. तरी गिरदावरानं हुकूम सोडला, "कोंडवाड्यात घाला दोन्ही." एक शिपाई बसव्याकडे निघाला. बसव्यानं मान खाली घातली आणि नुसतं फुसकारलं. शिपाई कडब्याच्या गंजीमागं जाऊन उभा राहिला.

"जमादार, तिकडं कोंडवाडा न्हाय," दगडोबा म्हणाला. सगळी वस्ती हसली.

गिरदावराचा चेहरा लाल झाला. "तुझी जोडी कुठंय रे? तू तर लिंगायत नाहीस. तुला कसला सोमवार?"

दगडोबा उठला. तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले. "खरंय साहेब. माझ्या बैलास्नी सोमवार कळत न्हाय," तो म्हणाला. "पर मला वेठ कळतीया." आणि त्यानं शिवगंगाक्काच्या हातातला विळा मागून घेतला.

दुपारपर्यंत बारापैकी सात जोड्यांच्या वेसणी कापल्या गेल्या होत्या. पाच जणांनी नाही कापल्या. त्यांची नावं मी लिहीत नाही, त्यांना भिण्याची कारणं होती.

गिरदावरानं कागद काढला. "हुकूमअदुली लिहितोय. हुकूम मोडल्याची सजा ठाऊक आहे ना?"

"लिव्हा. शिवगंगा, भ्रतार कल्याणप्पा. नाव नीट लिव्हा, न्हायतर दुसऱ्याच बाईला धरून न्याल."

एवढ्यात माथुर साहेब चालत आले. बैलांची वाट पाहून कंटाळले होते. गिरदावरानं त्यांना सगळं आपल्या बाजूनं सांगितलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं, जमिनीवरची कापलेली वेसण उचलून पाहिली, आणि मला म्हणाले, "यांना विचारा, सोमवारीच का नाही?"

मी विचारलं.

"सहा दिस वढल्यावर सातव्या दिशी खांदा सुजतो," ती म्हणाली. "जू काढून बघा, कातडं गरम लागतं. एक दिस रिकामा ठिवला की उतरतं. न्हाय ठिवला तर खांदा फुटतो, मग पंधरा दिस बैल उभाच. देवाचं म्हणा न्हायतर बैलाचं म्हणा. आमच्यात देव नि बैल येगळे न्हाईत."

साहेबांनी खिशातून माझं पान काढलं आणि माझ्या हातात दिलं. "वाचून दाखवा त्यांना."

मी वाचलं. पन्नास कोस, चारशे बैल, पंचवीस दिवस. वाचताना मला थोडा अभिमानही वाटत होता, खोटं का सांगू.

शिवगंगाक्कानं सगळं ऐकलं. मग विचारलं, "हे झालं वढायचं. खायाचं कुठं लिवलंय?"

"चारा बरोबर गाड्यांतून नेला असेल," मी म्हणालो.

"असंल? बसा, बाबा." तिनं मला ओट्यावर बसवलं. "गाडीत कडबा किती मावतो?"

"तीनशे पेंढ्या."

"व्हय, तीनशे. वढणारी जोडी दिसाला किती खाती?"

मला माहीत नव्हतं. दगडोबा म्हणाला, "बारा. दात चांगले असतील तर."

"आन ती कडब्याची गाडी काय सोताच्या पायानं चालती?"

माझ्या डोक्यात अजून प्रकाश पडला नव्हता. माथुर साहेबांच्या पडला. ते ओट्यावर टेकले. गाडीलाही एक जोडी असते. तीही दिवसाला बारा पेंढ्या खाते. बारा पंचवीस तीनशे. म्हणजे परांड्याहून भरून निघालेली गाडी विजापूरच्या वेशीत पोचेल तेव्हा तिच्यात एक काडीही उरणार नाही. सगळा कडबा तिचे स्वतःचेच बैल खाऊन टाकणार. तोफेच्या बैलांसाठी शून्य. शंभर गाड्या न्या की हजार न्या, उत्तर शून्यच.

"आन मदी चार सोमवार येत्यात," शिवगंगाक्का म्हणाली. "ते धरले तर गाडी विजापुराच्या आधीच चार दिस रिकामी. मग गाडीचे बैल बी उपाशी."

"आणि हत्ती?" साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"हत्तीचं म्या काय सांगू? हत्ती आमच्या दावणीला नसत्यात."

साहेब उर्दूत म्हणाले, आणि मी भाषांतर केलं, "मग बैलांनी खाल्लं काय?"

"वाटंवरच्या गावांचं," ती म्हणाली. "दुसरं काय खातील? जिथं मुक्काम, तिथल्या गंज्या उघडायच्या. चारशे बैल एका रात्रीत गावाची वर्साची वैरण खाऊन सकाळी फुडं. त्या गावच्या बैलांनी मग उन्हाळ्यात काय खाल्लं, त्ये तुमच्या पुस्तकात हाय का?"

नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की आमच्या सगळ्या कागदात रसद हा शब्द पंचवीस ठिकाणी होता, आणि ती ज्याच्या घरातून उचलली तो माणूस एकाही ठिकाणी नव्हता.

माथुर साहेबांनी गिरदावराच्या हातातून हुकूमअदुलीचा कागद मागून घेतला, घडी घातली आणि आपल्या खिशात टाकला. गिरदावर म्हणाला, "साहेब, हा चुकीचा पायंडा पडतोय." साहेब म्हणाले, "असेल. माझ्या प्रयोगासाठी बैल मागितले होते. प्रयोगात चूक माझी आहे." मग शिवगंगाक्काला विचारलं, "उद्या द्याल का? विनंती करतो."

ती लगेच हो म्हणाली नाही. तिनं तीन गोष्टी सांगितल्या. जुंपायच्या आधी दिवसभराची वैरण शिळेपाशी रचलेली दिसली पाहिजे, आणि ती कुणाच्या गंजीतून ओढलेली नको. दर दोन तासांनी पाणी. आणि कासरा तिच्याच हातात, शिपायाच्या नाही. "यातलं एक जरी चुकलं तर जागच्या जागी सोडीन," ती म्हणाली. "मग मदल्या वाटंत तुमची शिळा नि तुमी."

गिरदावर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली.

मंगळवारी बारा जोड्या आल्या. साहेबांनी परांड्याच्या बाजारातून कडबा विकत आणला होता. नव्या वेसणी घातलेले बैल एका लांब दोराला ओळीनं जुंपले. शिळा हलली. मी टोपी हवेत उडवली. सरळ वाटेवर सगळं माझ्या पानाप्रमाणे चाललं होतं.

मग ओढ्याजवळचं वळण आलं. पुढच्या चार जोड्या वळणाबाहेर निघाल्या आणि ओढायला लागल्या. दोर ताणला, पण ताणलेला दोर वळत नाही, तो सरळ होऊ पाहतो. मधल्या जोड्या खेचल्या जाऊन वळणाच्या आतल्या बांधावर गेल्या. एका बैलाचा पाय दोरात आला. मी ओरडलो, "पुढं हाणा!" शिवगंगाक्का माझ्या दुप्पट आवाजात ओरडली, "निल्लु!" बसव्या-मल्ल्या जागेवर थांबले. तीच जोडी सर्वांत पुढं होती, त्यामुळे दोर ढिला पडला. दगडोबानं अडकलेला पाय सोडवला. पुढं हाणलं असतं तर तो पाय मोडला असता.

"ओव्हरसेर," दगडोबा मला म्हणाला, "तुमच्या कागदावरली वाट लई सरळ हाय बगा."

तेव्हा मला समजलं की बारा जोड्यांची ताकद म्हणजे एका जोडीची बारा पट नव्हे. वळणावर जोड्या एकमेकींशीच ओढाताण करतात. चढाला मागच्या ओढतात तेव्हा पुढच्या थांबलेल्या असतात. बारांचं हे, तर दोनशेंचं काय? मला हे कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं. सूर्य मावळेपर्यंत शिळा पाऊण कोस गेली होती. दोन नव्हे. पाऊण कोसानं पन्नास कोस म्हणजे सदुसष्ट दिवस होतात, आणि त्यात नऊ-दहा सोमवार.

संध्याकाळी शिवगंगाक्का स्वतः बैल घेऊन घरी गेली. जाताना उरलेल्या कडब्याच्या पेंढ्या अडकलेल्या बैलाच्या मालकाला द्यायला लावल्या. साहेबांनी दिल्या.

पुढं गिरदावरानं तिला सोडलं नाही. दर पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून चावडीवर बोलवायचा, उन्हात उभी करायचा. ती जायची, उभी राहायची, परत यायची. तिची जोडी मात्र त्यानं पुन्हा मागितली नाही. आणि त्या वस्तीतून तर वेठीला एकही बैल सोमवारी गेला नाही. मग मंगळवारीही जाईनासे झाले.

सत्तेचाळीस साली माथुर साहेबांचा प्रबंध छापून आला. एक प्रत त्यांनी मला पाठवली. मी सायकलवरून वस्तीवर गेलो आणि उर्दू वाचत वाचत मराठीत सांगत गेलो. साहेबांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पंचवीस दिवसांचा आकडा खोडला होता. गाडीचा चारा गाडीच खाते, हे एका पूर्ण प्रकरणात मांडलं होतं. वाटेवरच्या गावांवर किती भार पडला असेल याचा तक्ता दिला होता. तळटीपेत एक ओळ होती, 'ही माहिती परांड्याच्या एका बाईकडून मिळाली.'

मला राग आला. "अक्का, तुमचं नाव नाही घातलं."

"नावाचं काय करायचंय? आदीच एका कागदावर घातलं व्हतं, त्यो साहेबांच्या खिशात गेला." ती हसली. मग म्हणाली, "फुडं वाच."

"पुढं काही नाही. तोफ विजापुरात पोचली. बुरुजावर चढवली. प्रबंध संपला."

"संपला? आन बैलांचं?"

मी पानं पुन्हा चाळली. तोफेची लांबी होती, वजन होतं, तिच्यावरचा लेख होता. हत्ती दहा, बैल चारशे. विजापूरच्या वेशीपाशी बैलांवरची शेवटची ओळ संपत होती.

तिनं मला तिथंच पत्र लिहायला बसवलं. साहेबांचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. त्यांनी लिहिलं होतं, की आपण दप्तरं पुन्हा धुंडाळली, पण याची नोंद कुठंही नाही. असं काही विचारावं हे कुणाला सुचलंही नसावं.

"नोंद न्हाय म्हंजे काय?" ती म्हणाली. "हत्ती मोजाया माणूस व्हता ना? त्योच दोन दिस थांबला असता, तर परतीचे मोजून झाले असते. मुद्दाम न्हाय मोजले. मोजले असते तर सांगावं लागलं असतं."

आता एकोणपन्नास साल आहे. निजामाचा अंमल गेला, वेठीवर बंदीचा कागद चावडीवर लागला. गिरदावराची बदली झाली. बसव्या म्हातारा झाला आहे, नुसता दावणीला असतो. मागच्या महिन्यात मी तिकडं गेलो तेव्हा सांगितलं, की अक्का, आता नवं सरकार आहे, जुनी दप्तरं हैदराबादेत खुली होतायत, मी अर्ज करणार आहे.

ती मल्ल्याची पाठ घासत होती. हात थांबला नाही.

"करच अर्ज," ती म्हणाली. "आन त्यात तोफेचं एक अक्षर लिवू नगंस. तोफंचं समद्यांस्नी ठावं हाय. एवढंच इचार. त्या चारशे बैलांच्या जोड्या कुणाकुणाच्या दावणीतनं सोडल्या व्हत्या, आन विजापुरास्नं घरी परत किती आल्या?"